चोरलेल्या कार्डावर घेतलेली वेबसाइट: डोमेन नोंदणीतला क्रेडिट कार्ड फ्रॉड नेमका चालतो कसा?

क्रेडिट कार्डचं स्टेटमेंट आलं की बहुतेक जण मोठे आकडे आधी बघतात. हॉटेलचं बिल, विमानाचं तिकीट, मोबाईलचा हप्ता. त्यातच कुठेतरी हजारभर रुपयांची एक ओळ असते आणि तिच्यासमोर परदेशी कंपनीचं अनोळखी नाव. 'घरातल्या कुणीतरी एखादं सबस्क्रिप्शन घेतलं असेल' असं म्हणून ती ओळ सोडून दिली जाते.

पण तेवढ्या पैशांत इंटरनेटवर एक गोष्ट हमखास मिळते. वर्षभरासाठी डोमेन नेम, म्हणजेच वेबसाइटचा पत्ता. चोरलेल्या कार्डावर घेतलेल्या या पत्त्यावर दुसऱ्याच दिवशी एखाद्या बँकेची किंवा कुरिअर कंपनीची हुबेहूब खोटी वेबसाइट उभी राहू शकते. कार्डवाल्याचे हजार रुपये गेले, पण त्या वेबसाइटवर पासवर्ड आणि ओटीपी भरणाऱ्यांचे किती जातील, याला मर्यादा नाही.

प्रत्येक व्यवहाराची रक्कम किरकोळ असल्याने या फ्रॉडची बातमी क्वचितच होते. पण ऑनलाइन फसवणुकीच्या कितीतरी प्रकारांची पहिली पायरी हीच असते. ही पायरी इतकी सोपी का आहे आणि तिचा भुर्दंड कुणाला बसतो, ते समजून घेऊया.

डोमेन विकत घेतो म्हणजे काय करतो?

डोमेन खरं तर विकत मिळत नाही. ते ठरावीक वर्षांसाठी आपल्या नावावर नोंदवलं जातं. या नोंदणीत तीन टप्पे असतात.

सगळ्यात वर असते रजिस्ट्री. उदाहरणार्थ, डॉट कॉमने संपणाऱ्या सगळ्या नावांची मुख्य वही व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीकडे असते. डॉट इनची वही निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे. त्याखाली रजिस्ट्रार, म्हणजे ग्राहकाकडून पैसे घेऊन त्या वहीत नाव चढवणाऱ्या कंपन्या. आणि रजिस्ट्रारच्या खाली असतात रिसेलर. वेबसाइट बनवून देणारे, होस्टिंग विकणारे छोटे व्यावसायिक यातच मोडतात.

डॉट कॉमसारख्या जागतिक डोमेनचे नियम ठरवते आयकॅन ही संस्था. तिची स्थापना १९९८ ची. त्याआधी डॉट कॉमची नोंदणी नेटवर्क सोल्युशन्स या एकाच कंपनीकडे होती आणि दोन वर्षांसाठी १०० डॉलर मोजावे लागायचे. १९९९ पासून इतर कंपन्यांना परवानगी मिळाली. स्पर्धा आली, भाव पडले आणि 'नाव शोधा, कार्ड नंबर टाका, पाच मिनिटांत डोमेन तुमचं' ही पद्धत रुळली.

सामान्य ग्राहकासाठी ही सोय होती. चोरालाही नेमकी हीच सोय हवी होती.

हजार रुपयांसाठी चोरीचं कार्ड कशाला?

साहजिकच प्रश्न पडतो की जो माणूस लाखोंची फसवणूक करणार आहे, तो डोमेनचे हजार रुपये स्वतःच्या खिशातून का भरत नाही?

कारण प्रश्न पैशांचा नसून ओळखीचा आहे. स्वतःच्या कार्डाने पैसे भरले तर पोलीस कार्डावरून बँकेपर्यंत आणि बँकेकडून थेट घरापर्यंत पोहोचतात. कार्ड दुसऱ्याचं असेल तर तपासाची वाट भलत्याच दारात जाऊन थांबते.

यात आणखी एक मेख आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा अशा देशांत कार्डाने पैसे घेताना बिलाचा पत्ता जुळतो का, हे तपासण्याची सोय असते. ही तपासणी पार व्हावी म्हणून चोर कार्डाच्या मालकाचा खरा पत्ता टाकतो आणि डोमेन नोंदवतानाही तेच नाव, तोच पत्ता वापरतो. ईमेल आयडी तेवढा स्वतःचा असतो.

परिणाम असा की खोट्या वेबसाइटच्या नोंदणीत मालक म्हणून एका निरपराध माणसाचं नाव लागतं. त्याच्या कार्डावरून पैसे तर गेलेच, शिवाय फसवणूक झालेल्या लोकांच्या तक्रारींमध्येही त्याचंच नाव येऊ शकतं.

तिसरं कारण कार्ड तपासून बघण्याचं. चोरलेल्या कार्डांचे नंबर गठ्ठ्याने विकले जातात आणि त्यातली बरीच आधीच बंद झालेली असतात. कुठलं चालू आहे हे बघायला छोटा व्यवहार करून बघितला जातो. एक-दोन डॉलरच्या ऑफरमध्ये मिळणारं डोमेन त्यासाठी सोयीचं असतं. ते लगेच मिळतं आणि कुरिअरने घरी मागवावं लागत नाही. व्यवहार पार पडला तर कार्ड चालू असल्याची खात्री होते आणि डोमेन मिळतं ते वेगळंच.

घड्याळ चोराच्या बाजूने असतं

हा सगळा खेळ चालतो तो वेळेतल्या फरकावर.

डोमेन नोंदवून सुरू व्हायला काही मिनिटं लागतात. त्यावरचं फिशिंगचं पान, म्हणजे माहिती चोरणारं खोटं पान, काही तासांत किंवा काही दिवसांत आपलं काम उरकतं. पान बंद पडलं तरी चोराला फरक पडत नाही, तो दुसरं डोमेन घेतो.

आता दुसरी बाजू बघा. कार्डाच्या मालकाला हा व्यवहार दिसतो तो मेसेज नीट वाचला तर त्याच दिवशी, नाहीतर महिनाअखेरीला स्टेटमेंटमध्ये. मग तो बँकेला कळवतो. बँक विक्रेत्याकडून पैसे परत खेचते. यालाच चार्जबॅक म्हणतात. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत फसवणुकीच्या व्यवहारावर चार्जबॅक करायला साधारण १२० दिवसांची मुदत असते.

म्हणजे रजिस्ट्रारला 'आपण चोरीच्या कार्डावर डोमेन विकलं' हे कळतं तोवर कित्येक आठवडे उलटलेले असतात.

यावर उपाय म्हणून रजिस्ट्रीच्या नियमांत एक खिडकी आहे. डॉट कॉमसारखं डोमेन नोंदवल्यापासून ५ दिवसांच्या आत रजिस्ट्रारने ते काढून टाकलं, तर रजिस्ट्री त्याचे पैसे परत देते. टाइप करताना चूक झाली किंवा कार्ड चोरीचं निघालं, तर नुकसान नको, हा त्यामागचा विचार. पण फसवणूक ५ दिवसांत कळली तर उपयोग! चार्जबॅक येतो तेव्हा ही खिडकी कधीच बंद झालेली असते.

गंमत म्हणजे चांगल्या हेतूने ठेवलेल्या या खिडकीचाही धंदा झाला. काही कंपन्या हजारो डोमेन नोंदवायच्या, त्यावर जाहिराती लावायच्या आणि पाचव्या दिवसाआधी परत करायच्या. ज्यावर कमाई होईल तेवढंच ठेवायच्या. याला 'डोमेन टेस्टिंग' म्हणायचे. चव घेऊन बघणे, या अर्थाने. शेवटी आयकॅनने मर्यादा घातली. महिन्यातल्या निव्वळ नव्या नोंदणीच्या १० टक्के किंवा ५० डोमेन, यात जे जास्त असेल तेवढ्यांचाच परतावा मिळेल. एप्रिल २००९ पर्यंत असे परत केलेले डोमेन ९९.७ टक्क्यांनी घटले.

भुर्दंड कुणाला?

सोपा हिशोब मांडून बघू. एका डॉट कॉमसाठी रजिस्ट्रार व्हेरिसाइनला १०.२६ डॉलर देतो. सप्टेंबर २०२४ पासूनचा हा घाऊक भाव. वर आयकॅनची २० सेंटच्या आसपास फी. ग्राहकाकडून समजा १२ डॉलर घेतले, तर हातात उरतो जेमतेम दीड डॉलर. त्यातूनच पेमेंट गेटवेचं कमिशन जातं.

आता चार्जबॅक आला. १२ डॉलर परत गेले. व्हेरिसाइनला दिलेले पैसे परत मिळत नाहीत, कारण ५ दिवस उलटलेत. वर प्रत्येक चार्जबॅकमागे पेमेंट कंपनी दंड लावते, तो १५ डॉलरच्या घरात असू शकतो. म्हणजे एका फसव्या विक्रीचा खड्डा भरून काढायला कितीतरी खरे ग्राहक लागतात. चार्जबॅकचं प्रमाण वाढलं तर व्हिसा-मास्टरकार्डच्या यादीत नाव जातं. मग जादा दंड बसतो आणि शेवटी कार्डाने पैसे घेण्याची सोयच बंद होऊ शकते.

मोठ्या रजिस्ट्रारला हे झेपतं. छोट्या रिसेलरला झेपत नाही. रजिस्ट्रारकडे त्याने आगाऊ भरलेल्या पैशांतून डोमेनचे पैसे वळते झालेले असतात, चार्जबॅक मात्र त्याच्या खात्यावर येतो.

थोडक्यात, बँक पैसे परत खेचून मोकळी होते, रजिस्ट्रीला तिचे पैसे मिळालेले असतात आणि चोर पुढच्या डोमेनवर गेलेला असतो. खरं नुकसान होतं ते मधल्या विक्रेत्याचं आणि त्या खोट्या वेबसाइटवर फसलेल्या माणसाचं. फसलेला माणूस तर या व्यवहारात कुठेच नव्हता.

जेव्हा डोमेन विकणाराच कार्ड फ्रॉडमध्ये दोषी ठरतो

आतापर्यंत चोर ग्राहक होता. पण दुकानदारच तसा निघाला तर?

इस्टडोमेन्स नावाची कंपनी होती. नोंदणी अमेरिकेतल्या डेलावेअरची, कारभार एस्टोनियातून. आयकॅनची अधिकृत रजिस्ट्रार. तिच्याकडच्या डोमेनवर स्पॅम आणि व्हायरस पसरवणाऱ्या वेबसाइट मोठ्या प्रमाणात आहेत, अशी तक्रार सुरक्षा तज्ज्ञ करत होते. २००८ मध्ये उघड झालं की कंपनीचा प्रमुख व्लादिमीर त्सास्त्सिन याला एस्टोनियाच्या कोर्टाने त्याच वर्षी फेब्रुवारीत दोषी ठरवलं होतं. आरोप होते क्रेडिट कार्ड फ्रॉड, मनी लाँडरिंग आणि बनावट कागदपत्रांचे.

आयकॅनच्या करारात एक कलम होतं. कंपनीचा अधिकारी आर्थिक गुन्ह्यात दोषी ठरला आणि तरीही पदावर राहिला, तर मान्यता काढता येते. २८ ऑक्टोबर २००८ रोजी आयकॅनने याच कलमाखाली नोटीस बजावली. त्सास्त्सिनने आधीच राजीनामा दिल्याचा दावा कंपनीने केला. आयकॅनने काही दिवस निर्णय थांबवला, पण दावा पटला नाही आणि नोव्हेंबरमध्ये मान्यता गेली.

या गोष्टीत पुढे मुंबई येते. इस्टडोमेन्सकडे सुमारे २ लाख ८१ हजार डोमेन होती. त्यात प्रामाणिक ग्राहकांचीही होती, म्हणून ती एकदम बंद करता येणार नव्हती. ती सगळी डोमेन सांभाळायला गेली डायरेक्टी या मुंबईच्या कंपनीकडे.

त्सास्त्सिन मात्र थांबला नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने आणि एस्टोनियाच्या पोलिसांनी त्याच्या टोळीवर कारवाई केली. १०० हून जास्त देशांतल्या सुमारे ४० लाख कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सोडून त्यांनी लोकांना भलत्याच वेबसाइटवर वळवलं आणि जाहिरातींतून किमान १ कोटी ४० लाख डॉलर कमावले, असा आरोप होता. २०१५ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. एप्रिल २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने ८७ महिन्यांची, म्हणजे सव्वासात वर्षांची शिक्षा सुनावली.

कार्ड फ्रॉड आणि डोमेनचा धंदा किती जवळ येऊ शकतात, हे या प्रकरणात दिसलं. आणि हेही दिसलं की नियम असला तरी तो वापरायला कुणीतरी आधी बोंब मारावी लागते.

भारतात तर ओटीपी लागतो, मग?

हा आपल्याकडचा मोठा फायदा आहे. ऑनलाइन कार्ड व्यवहाराला कार्ड नंबरशिवाय आणखी एक पडताळणी हवीच, असा नियम रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून लागू केला. त्यामुळे चोरलेलं भारतीय कार्ड भारतीय वेबसाइटवर वापरणं अवघड जातं.

पण परदेशी रजिस्ट्रारला हा नियम लागू नाही. तिथे कार्ड नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर व्यवहार होऊ शकतो. म्हणून २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी एक पाऊल उचललं. नवीन कार्ड देताना परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बंद ठेवायचे आणि ग्राहकाने सांगितलं तरच सुरू करायचे. सप्टेंबर २०२५ च्या नव्या निर्देशांनुसार, परदेशी विक्रेत्याने अतिरिक्त पडताळणी मागितली तर ती करण्याची सोय बँकांना १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत उभी करायची आहे.

इथे 'मागितली तर' हे शब्द महत्त्वाचे. विक्रेत्याने मागितलीच नाही, तर ओटीपीचा प्रश्नच येत नाही. आणि अनेक विक्रेते मागत नाहीत, कारण एक पायरी वाढली की काही ग्राहक खरेदी अर्धवट सोडून जातात.

मग रजिस्ट्रारवर काही बंधन आहे की नाही?

आहे. आयकॅनच्या करारानुसार पैसे मिळतील याची वाजवी खात्री झाल्याशिवाय डोमेन सुरू करता येत नाही. अडचण अशी की कार्डावर रक्कम लावली, एवढ्यालाही खात्री मानलं जातं.

२०१३ च्या करारानुसार ग्राहकाचा ईमेल किंवा फोन १५ दिवसांत पडताळावा लागतो. पण ईमेल चोराचाच असतो, त्यामुळे तो एका क्लिकवर पार होतो. शिवाय १५ दिवस म्हणजे फिशिंगच्या हिशोबात खूप मोठा काळ.

५ एप्रिल २०२४ पासून नियम आणखी कडक झाले. फिशिंग किंवा व्हायरससाठी डोमेन वापरल्याचा ठोस पुरावा मिळाला तर रजिस्ट्रारला ते थांबवण्यासाठी कारवाई करावीच लागते. आधी फक्त तक्रारीची दखल घ्यावी लागायची. पण हा नियमही लागू होतो तो गुन्हा घडल्यावर, डोमेन विकताना नाही.

विकतानाच चोर ओळखायचा तर रजिस्ट्रारला स्वतःच काही गोष्टी बघाव्या लागतात. कार्ड एका देशाचं आणि इंटरनेट दुसऱ्याच देशातलं आहे का? एकाच खात्यातून पाच वेगवेगळी कार्डं वापरली गेलीत का? नावात एखाद्या बँकेचा ब्रँड घुसवलाय का? हे बघणाऱ्या कंपन्या आहेत. पण जो जास्त बघतो तो हळू विकतो आणि जो हळू विकतो त्याचं गिऱ्हाईक शेजारी जातं.

सरळ केवायसीच का करत नाहीत?

हा प्रयोग झालाय. चीनच्या डॉट सीएनची नावं एके काळी एका युआनला मिळायची आणि स्पॅममध्ये ती सर्रास दिसायची. डिसेंबर २००९ मध्ये चीनने ओळखपत्र आणि व्यवसायाचा परवाना कागदावर मागायला सुरुवात केली. स्पॅमवाल्यांनी डॉट सीएन सोडलं आणि रशियाच्या डॉट आरयूकडे मोर्चा वळवला. एप्रिल २०१० मध्ये रशियानेही कागदपत्रं मागितली. म्हणजे गुन्हा संपला नाही, फक्त त्याने घर बदललं.

दुसरी अडचण खासगीपणाची. सत्तेविरुद्ध लिहिणारा पत्रकार, छळाविरुद्ध आवाज उठवणारी बाई, यांना आपलं नाव उघड न करता वेबसाइट चालवायची असते. युरोपचा खासगीपणाचा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाल्यावर डोमेन मालकांची नावं, पत्ते सार्वजनिक यादीतून बहुतांश झाकले गेले. प्रामाणिक माणसाला आडोसा मिळाला, पण त्याच आडोशाला चोरही उभा राहिला.

भारताने निदान बँकांपुरती वेगळी वाट धरलीय. रिझर्व्ह बँकेने बँकांना 'डॉट बँक डॉट इन' हेच डोमेन वापरायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. हे डोमेन हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था देते आणि फक्त बँकांनाच देते. चोरलेलं कार्ड घेऊन कुणी तिथे गेलं तरी उपयोग नाही, कारण इथे आधी अर्जदार कोण हे तपासलं जातं, पैशांचा विषय नंतरचा.

म्हणून बँकेच्या नावाने लिंक आली तर पत्त्याचा शेवट बघा. नावात बँक आहे की नाही यापेक्षा शेवट 'डॉट बँक डॉट इन' आहे की नाही, हे महत्त्वाचं.

तुम्ही काय करू शकता?

परदेशी व्यवहार बंद ठेवा. बँकेच्या ॲपमध्ये हे बटण असतं. लागेल तेव्हा सुरू करा, काम झालं की पुन्हा बंद.

छोट्या रकमेकडे दुर्लक्ष करू नका. अनोळखी कंपनीच्या नावाने ५० रुपये गेले तरी चौकशी करा. मोठ्या चोरीआधी कार्ड तपासून बघितलेलं असू शकतं.

तीन दिवसांत कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजी दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर कुठलाही भार येत नाही. बँकेने १० कामकाजी दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते. ४ ते ७ दिवस लागले तर काही रक्कम तुमच्या माथी बसू शकते.

१९३० वर तक्रार नोंदवा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर. कार्डावरून डोमेन घेतल्याचं दिसलं तर त्या रजिस्ट्रारलाही लेखी कळवा आणि माझ्या नावावर आणखी काही नोंदवलंय का, हे विचारा. पुढे कुणी चौकशीला आलं, तर तारखेसह केलेली ही तक्रारच तुमच्या बाजूने बोलेल.

स्वतःचं डोमेन असेल तर चार्जबॅक जपून करा. अनेकदा डोमेनचे नूतनीकरणाचे पैसे आपोआप कापले जातात आणि मालक ते फ्रॉड समजून बँकेकडे जातो. चार्जबॅक झाला की रजिस्ट्रार डोमेन गोठवू शकतो आणि थकबाकीचं कारण देऊन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यालाही नकार देऊ शकतो. चालू दुकानाची वेबसाइट आणि ईमेल एकदम बंद पडतात. म्हणून आधी रजिस्ट्रारशी बोला.

आणि वेबसाइट दुसऱ्याकडून बनवून घेतली असेल, तर डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि कुणाच्या कार्डावरून पैसे जातात, हे आजच विचारून घ्या. बनवणाऱ्याचं खातं कुठल्याही कारणाने बंद झालं, तर तुमचा पत्ता त्याच्याबरोबर जातो.